सारसांसाठी मोठा, मंडईसाठी छोटा: दुसरा कॅमेरा निवडताना गेलेले वर्ष

माझा मुख्य कॅमेरा निकॉनचा डी७५०० आहे आणि त्याला बहुतेक वेळ २००-५०० मिमीची लेन्स लावलेली असते. बॅटरीसह कॅमेऱ्याचे वजन ७२० ग्रॅम आणि लेन्सचे २३०० ग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून तीन किलोंचे ओझे होते. गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांत उतरणारे सारस किंवा नवेगावबांधच्या तलावावर हिवाळ्यात येणारी बदके टिपण्यासाठी या जोडीला तोड नाही आणि ती बदलण्याचा विचारही माझ्या मनात कधी आला नाही. मात्र त्याच बांध्यांत रोवणी, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बाया, आठवडी बाजार, दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाची, नाटके यांपैकी जवळजवळ काहीच माझ्या संग्रहात नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी छोटा कॅमेरा घ्यायचे ठरले ते नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि तो हातात आला जुलै २०२४ मध्ये. खेड्यात राहून असा कॅमेरा घ्यायचा असेल तर दुकान, कर्ज, बिल, परतावा अशा बऱ्याच गोष्टींतून जावे लागते आणि त्याची माहिती मराठीत एका जागी मला मिळाली नव्हती, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मोबाइल असताना दुसरा कॅमेरा कशाला, हा प्रश्न घरातूनच आला आणि तो योग्यच होता. दिवसाउजेडी मोबाइलचे फोटो चांगले येतात, हे मी मान्य करतो. पण पेट्रोमॅक्ससारख्या पिवळट बल्बखाली मांडलेल्या बाजारात किंवा नाटकाच्या मांडवात चालत्या माणसाचा चेहरा मोबाइल पुसट करून टाकतो, आणि पावसात भिजलेल्या बोटांनी त्याचा पडदा दाद देत नाही. शिवाय ताडोब्यात २०१८ च्या अखेरीपासून पर्यटकांना सफारीत मोबाइल नेण्यास बंदी आहे, त्यामुळे ५०० मिमीच्या लेन्समध्ये न मावणारे जवळचे दृश्य आणि भोवतालचे जंगल टिपायला तिथे माझ्याकडे काहीच उरत नसे.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे मी इतरांसारखेच चाचण्यांचे व्हिडिओ पाहण्यात घालवले आणि त्यातून गोंधळच वाढला. मग एक वेगळा मार्ग धरला, जो मी प्रत्येकाला सुचवीन, कारण त्याला एक रुपयाही लागत नाही. डी७५०० बरोबर आलेली १८-१४० मिमीची लेन्स कपाटात पडून होती. तिची झूमची कडी १८ मिमीवर ठेवून मी वर चिकटपट्टी लावली. मिमीचा आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद दिसते. कॅमेऱ्यांची तुलना पूर्ण फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या) हिशेबात करतात आणि निकॉनच्या या लहान सेन्सरसाठी आकडा दीडपट करावा लागतो, म्हणजे १८ मिमी हे त्या हिशेबात २७ होते आणि ते २८ मिमीच्या छोट्या कॅमेऱ्यांच्या अगदी जवळ आहे. डिसेंबर २०२३ भर मी फक्त तेवढ्यावर फोटो काढले. जानेवारीत पट्टी काढून कडी २४ आणि ३५ या खुणांच्या मध्ये, साधारण २६-२७ वर बसवली, म्हणजे ती ४० मिमीच्या बरोबरीची झाली. ज्यांना ३५ मिमीचा कॅमेरा घ्यायचा आहे त्यांनी २४ च्या किंचित अलीकडे पट्टी लावावी.

दोन महिन्यांनी सगळे फोटो संगणकावर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ४० मिमीवर चेहरे अधिक देखणे येत होते. पण मला ज्या फोटोंची ओढ होती त्यांत माणूस आणि त्याची जागा दोन्ही हवी होती: विळे-पावशी विकणारा कारागीर आणि त्याच्यासमोर पसरलेला सगळा माल, किंवा परह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) पेंढ्या वाहणारा माणूस आणि मागे दूरवर गेलेली बांधी. ४० वर मला प्रत्येक वेळी मागे सरकावे लागे आणि बाजारात मागे सरकायला जागा नसते. २८ मिमीचा निर्णय इथे झाला आणि तो मी पुढे बदलला नाही. झूम असलेले कॅमेरे मात्र अजून यादीत होते.

२० फेब्रुवारी २०२४ रोजी फुजीफिल्मने एक्स१००-सिक्स जाहीर केला आणि सगळीकडे त्याचीच चर्चा सुरू झाली. चार कोटी पिक्सेलचा सेन्सर, कॅमेऱ्यातच कंपन रोखण्याची सोय, एफ २ ची लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो) आणि सुंदर व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) असे सगळे त्यात आहे. भारतातली किंमत सुमारे एक लाख साठ हजार रुपये होती आणि तो मिळत नव्हता. किंमत बाजूला ठेवली तरी ५२१ ग्रॅमचा कॅमेरा सदऱ्याच्या खिशात जात नाही. धूळ-पाण्यापासून पूर्ण संरक्षण हवे असेल तर लेन्सपुढे वेगळी कडी आणि फिल्टर बसवावा लागतो, त्याने तो आणखी लांब होतो. ज्याला एकच कॅमेरा ठेवायचा आहे त्याच्यासाठी तो मला उत्तम वाटतो, पण मला सोबतीचा हवा होता. निकॉनच्याच झेड३० चाही विचार केला, कारण त्याचे रंग आणि फाइली माझ्या ओळखीच्या राहिल्या असत्या, पण लेन्स लावल्यावर तोही अर्ध्या किलोच्या वर जातो आणि पिशवी मागतो.

मार्चमध्ये एका रविवारी साकोलीहून एसटीने नागपूरला गेलो आणि सीताबर्डीतल्या दुकानांत छोटे कॅमेरे प्रत्यक्ष हातात घेऊन पाहिले. कागदावरची माहिती कितीही वाचली तरी हे एकदा करावेच, असे माझे मत आहे. सोनीचा आरएक्स१०० मार्क ३ हा २०१४ चा जुना कॅमेरा एका दुकानात वापरलेला ठेवला होता. त्याची लेन्स २४ ते ७० मिमीची आणि एफ १.८ ते २.८ ची आहे, वर उघडणारा व्ह्यूफाइंडर आहे, फ्लॅश आहे आणि वजन २९० ग्रॅम. कॅननचा जी७ एक्स मार्क ३ बघायचा होता, पण २०१९ चा हा कॅमेरा अचानक इतका लोकप्रिय झाला होता की एकाही दुकानात तो शिल्लक नव्हता. रिकोचा जीआर थ्री एका दुकानदाराने स्वतःच्या वापरातला दाखवला. २५७ ग्रॅम वजन, झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही, आणि दिसायला इतका साधा की माझ्या बरोबर आलेल्या मेव्हण्यांनी तो बंद पडलेला आहे का, असे विचारले.

इथे सेन्सरच्या आकाराविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण बहुतेक जण त्यावरच निर्णय घेतात. सोनी आणि कॅननच्या या कॅमेऱ्यांत १३.२ × ८.८ मिमीचा सेन्सर आहे, तर रिकोत डी७५०० एवढाच, सुमारे २३.५ × १५.६ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळाने तिप्पट. पण सोनीची लेन्स रुंद टोकाला एफ १.८ पर्यंत उघडते आणि रिकोची एफ २.८ पर्यंतच. दोन्ही पूर्ण फ्रेमच्या हिशेबात आणले तर सोनी सुमारे एफ ४.९ आणि रिको सुमारे एफ ४.२ येतो, म्हणजे कमी उजेडातला फरक अर्ध्या स्टॉपच्याही आत राहतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तिप्पट सेन्सर म्हणजे रात्रीचा फोटो तिप्पट चांगला, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. सोनी स्वस्त होता, झूम होता, आणि केवळ कागदावर पाहिले तर तोच घ्यायला हवा होता.

मी रिकोकडे वळलो ते हाताळणीमुळे. सायकल किंवा स्कूटर एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कॅमेरा खिशातून काढायचा, सुरू करायचा आणि फोटो घ्यायचा, ही माझी खरी गरज होती. रिको सुरू होऊन एका सेकंदाच्या आत तयार होतो आणि त्याची जवळजवळ सगळी बटणे उजव्या हाताखाली येतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यातला स्नॅप फोकस. यात फोकसचे अंतर आधीच ठरवून ठेवता येते आणि शटर एकदम पूर्ण दाबले की कॅमेरा शोधाशोध न करता त्याच अंतरावर फोटो घेतो. एफ ८ वर २.५ मीटर अंतर ठेवले तर साधारण सव्वा मीटरपासून दूरच्या झाडांपर्यंत सगळे स्पष्ट येते. भर बाजारात यापेक्षा वेगवान फोकस मला माहीत नाही.

नवा घ्यायचा म्हटल्यावर जिल्ह्यात कोणाकडेच तो नव्हता. एका विक्रेत्याने फोनवर बराच कमी भाव सांगितला, पण बिल मिळणार नाही, असेही सांगितले. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे. ज्या भावात हा कर दिसत नाही तो माल बहुधा मागल्या दाराने आलेला असतो आणि त्याला कंपनीची वॉरंटी लागू होईलच असे नाही. त्या विक्रेत्याला नकार दिला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका ऑनलाइन दुकानावर ‘उपलब्ध’ असे दिसले म्हणून कार्डाने पूर्ण पैसे भरले. त्यानंतर १९ एप्रिलच्या भंडारा-गोंदिया मतदारसंघाच्या मतदानासाठी निवडणुकीची कामे लागली आणि कॅमेऱ्याकडे लक्ष द्यायला सवड मिळाली नाही. मतदान आटोपल्यावर चौकशी केली तेव्हा माल परदेशातून यायचा आहे, असे उत्तर आले. मेच्या मध्यापर्यंत तेच उत्तर येत राहिले.

अशा वेळी काय करावे ते इथे सांगून ठेवतो. ई-वाणिज्याच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार अशा प्रत्येक संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि एका महिन्यात तिचे निवारण केले पाहिजे. त्या अधिकाऱ्याचे नाव आणि ईमेल संकेतस्थळाच्या तळाशी असते. मी ऑर्डर क्रमांक, पैसे भरल्याची तारीख आणि ‘उपलब्ध’ असे दाखवणाऱ्या पानाचे छायाचित्र जोडून त्याला लिहिले आणि उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करीन, हेही नमूद केले. पोच दुसऱ्या दिवशी आली, पैसे जूनच्या पहिल्या आठवड्यात परत आले. मधल्या काळात कार्डाचे बिल भरावे लागले ते वेगळेच. पैसे थेट बँक खात्यात पाठवण्याऐवजी कार्डाने भरले तर वाद घालायला बँकही आपल्या बाजूने एक वाट देते, एवढे लक्षात असू द्यावे.

या घोळानंतर वापरलेला कॅमेरा घ्यायचे ठरवले आणि पैशांची व्यवस्था वेगळी केली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि आमच्या पतसंस्थेत आकस्मिक कर्ज मिळते. ४० हजारांच्या अर्जासाठी शेवटच्या महिन्याची वेतनचिठ्ठी, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का आणि दोन जामीनदार लागले. उन्हाळ्याच्या सुटीत मुख्याध्यापक गावाला गेलेले असतात आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, त्यामुळे सहीसाठी मला आमगावपर्यंत जावे लागले. जामीनदारांचे स्वतःचे कर्ज थकलेले नाही ना, हे अर्ज देण्याआधीच विचारून घ्यावे. एका सहकाऱ्यांचे नाव त्यामुळेच बदलावे लागले आणि तो प्रसंग दोघांनाही अवघड गेला. संस्थेची सभा महिन्यातून एकदाच होते, म्हणून अर्ज सभेच्या आठवडाभर आधी पोहोचला पाहिजे. कारणाच्या रकान्यात काय लिहावे असा प्रश्न मला पडला होता. लिपिकांनी ‘घरगुती’ लिहायला सांगितले, मी ‘कॅमेरा खरेदी’ लिहिले आणि कोणी हरकत घेतली नाही.

नागपूरच्या एका गृहस्थांकडे २०२२ च्या बिलासह जीआर थ्री विकायला असल्याचे जूनअखेर कळले. ते ६२ हजार म्हणत होते, ५८ हजारांवर ठरले. जुलैच्या पहिल्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. या कॅमेऱ्याला धूळरोधक बांधणी नाही आणि लेन्स बाहेर येते-आत जाते, त्यामुळे सेन्सरवर धूळ बसणे हा त्याचा सर्वांना ठाऊक असलेला दोष आहे. सेन्सर हलवून धूळ झटकण्याची सोय त्यात आहे, पण चिकटलेला कण तिने निघत नाही, आणि लेन्स निघत नसल्याने तो कॅमेरा उघडल्याशिवाय काढता येत नाही. म्हणून अपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ १६ वर नेऊन, फोकस अनंतावर ठेवून पांढऱ्या कागदाचा जवळून फोटो घ्यावा आणि तो लॅपटॉपवर मोठा करून बघावा. काळे ठिपके लगेच दिसतात. निरभ्र आकाशही चालते, पण जुलैत ते कुठले मिळणार. त्यानंतर प्रत्येक बटण, मागची चकती, लेन्सची ये-जा आणि चार्जिंग तपासले. कॅमेऱ्याखालचा अनुक्रमांक मूळ बिलाशी ताडून पाहिला.

पैसे युपीआयने दिले आणि साध्या कागदावर विक्रीपावती लिहून घेतली. तीत दोघांची नावे, कॅमेऱ्याचे नाव, अनुक्रमांक, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक आणि तारीख असावी, दोघांच्या सह्या असाव्यात आणि मूळ बिल आपल्या ताब्यात यावे. विकणाऱ्याने ओळखपत्राची प्रत द्यायला का-कू केली तर आधारचे फक्त शेवटचे चार अंक दिसणारी प्रत मागावी. हे सगळे करताना मला थोडा संकोच वाटला, कारण त्यांनी आम्हाला चहा-पोहे दिले होते. पण पुढे चोरी झाली किंवा विमा उतरवायचा झाला तर हाच कागद कामाला येतो. जादा बॅटरी, मनगटपट्टा आणि पिशवी मिळून आणखी साडेचार हजार गेले. जादा बॅटरीत काटकसर करू नये, कारण एका बॅटरीत साधारण २०० फोटोच निघतात. सोयीची गोष्ट अशी की हा कॅमेरा यूएसबी-सी ने चार्ज होतो, त्यामुळे वीज गेलेली असली तरी मोबाइलची पॉवर बँक चालते.

जुलै रोवणीचा महिना. कॅमेरा आल्यावर पहिल्याच आठवड्यात ओळखीच्या एका शेतावर गेलो तेव्हा तिथल्या आजी म्हणाल्या, “का जी गुरुजी, आज तोफ नाई आनली का?” मोठा कॅमेरा दिसला की त्या बाया पदर सावरून रांगेत उभ्या राहात आणि काम थांबे. छोट्या कॅमेऱ्याकडे त्यांनी दोनदा पाहिले आणि परत गाण्याकडे व परह्यांकडे वळल्या. तरीही परवानगी आधी विचारावी आणि नंतर छापील फोटो नेऊन द्यावा, हा माझा नियम छोट्या कॅमेऱ्यालाही लागू आहे; कॅमेरा कमी दिसतो म्हणून विचारण्याची गरज कमी होत नाही. पावसात मात्र तो झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवतो आणि सर आली की काढत नाही.

२ सप्टेंबरच्या पोळ्यात आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात २८ मिमीची खरी मर्यादा दिसली. चौकटीच्या कडेला आलेला चेहरा ताणला जातो, आणि लाकडी नंदीबैल घेऊन रांगेत उभी असलेली लहान मुले टिपताना कडेची मुले रुंद दिसतात. माणसे मध्यभागी ठेवणे हा उपाय आहे. कॅमेऱ्यात फोटोच्या कडा कातरून तो ३५ किंवा ५० मिमीएवढा करण्याची सोय आहे, पण ५० वर सुमारे ७० लाख पिक्सेलच उरतात, म्हणून मी ३५ च्या पुढे जात नाही.

दिवाळी झाली, मंडया सुरू झाल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ज्या कामासाठी हा सारा खटाटोप केला ते काम समोर आले. झाडीपट्टीचे नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. रंगमंचासाठी मी मोठा कॅमेराच वापरतो, कारण प्रेक्षकांच्या मागून २८ मिमीवर नट बोटाएवढे दिसतात. छोटा कॅमेरा मांडवात आणि रंगपटात चालतो. मंडळाच्या व्यवस्थापकांना दुपारीच भेटून रंगपटात येण्याची परवानगी घ्यावी. प्रयोग सुरू झाल्यावर त्यांना बोलायला वेळ नसतो. एफ २.८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० आणि शटर १/१०० सेकंद हे माझे ठरलेले आकडे आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने काही एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि शटर त्याहून वेगवान ठेवले तर एक फोटो उजळ, दुसरा काळपट असे होते. १/१०० किंवा १/५० वर हा त्रास राहत नाही. या कॅमेऱ्याचे शटर लेन्समध्ये असल्याने त्याचा आवाज जवळजवळ येत नाही आणि संवाद पाठ करत बसलेल्या नटाला त्याचा उपद्रव होत नाही.

नोव्हेंबरातच धानाची मळणी सुरू होते, आणि तिथे मी रिको नेत नाही. मळणी यंत्रातून उडणारा भुसा आणि कोंडा लेन्सच्या नळीतून आत गेला तर काय खर्च येईल, याची चौकशी केली होती. जवळपास दुरुस्ती होत नाही आणि बाहेर पाठवायचा तर कॅमेऱ्याच्या किमतीचा मोठा हिस्सा जातो. डी७५०० चा सेन्सर नागपूरला काही शे रुपयांत साफ करून मिळतो. म्हणून खळ्यावर १८-१४० लावलेला मोठा कॅमेरा जातो आणि छोटा सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद असतो. ज्यांचे बहुतेक काम धुळीतच आहे त्यांनी जीआर थ्री घेण्याआधी दोनदा विचार करावा आणि वापरलेला आरएक्स१०० सुद्धा टाळावा, कारण त्याचीही लेन्स अशीच आत-बाहेर होते.